आडबाजूची छोटी शहरे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रसिद्ध पर्यटनस्थळांपासून दूर असलेल्या, फारशा परिचित नसलेल्या छोट्या शहरांच्या प्रवासाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या प्रश्नाला इतरांपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या अनेक प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न : प्रसिद्ध ठिकाणची गर्दी नकोशी झाली म्हणून आम्ही मुद्दाम एका अपरिचित छोट्या शहरात गेलो. एक जुने प्रार्थनास्थळ, एक चौक आणि नदीवरचा पूल एवढे दोन तासांत पाहून झाले. उरलेला दिवस कसा घालवावा हे कळेना, म्हणून संध्याकाळच्या गाडीने परतलो. आमची गावाची निवड चुकली का?

उत्तर : निवड चुकली असे मला वाटत नाही. मात्र मोठ्या पर्यटनस्थळी जो प्रश्न मनात घेऊन जायचा, तोच तुम्ही इथेही घेऊन गेलात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. ‘इथे पाहण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध ठिकाणी आधीच कोणीतरी तयार केलेले असते आणि ते फलकांवर, नकाशांवर व तिकीटखिडकीवर मांडून ठेवलेले असते. छोट्या शहरात ते तयार मिळत नाही, आणि जे मिळते ते खरोखरच दोन तासांत संपते. अशा गावात जाताना वेगळा प्रश्न सोबत न्यावा : हे गाव नेमके इथेच का वसले, आणि वाढता वाढता का थांबले?

या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आज जी छोटी शहरे आपल्याला जुन्या वळणाची आणि शांत वाटतात, त्यांतील बरीचशी एकेकाळी अजिबात शांत नव्हती. तिथे बंदर होते, खाण होती, मिठाचा व्यापार होता किंवा हमरस्त्यावरचा मुक्काम होता. पुढे नदीने पात्र बदलले, समुद्र मागे हटला, लोहमार्ग दुसऱ्या खोऱ्यातून गेला, आणि गावाचे कामच गेले. हाती पैसा उरला नाही म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधणे कोणाला परवडले नाही, आणि म्हणूनच ती घरे टिकली. ज्या सौंदर्यासाठी आपण तिथे जातो, ते पुष्कळदा त्या गावाच्या पडत्या काळाने राखलेले असते. हे ध्यानात आले की त्याच गल्ल्या वेगळ्या दिसू लागतात.

कोलंबियातील मोम्पोस हे याचे ठळक उदाहरण आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश वसाहतकारांनी माग्दालेना नदीकाठी वसवलेले हे शहर समुद्रकिनारा आणि देशाचा अंतर्भाग यांच्यामधील जलवाहतुकीचे मोठे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात नदीची त्या बाजूची शाखा गाळाने भरत गेली, मोठ्या नौका दुसऱ्या शाखेने जाऊ लागल्या आणि मोम्पोस मागे पडले. १९९५ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा वसाहतकाळातील नगररचना तिथे जवळजवळ अखंड शिल्लक होती. आता या माहितीसह त्या नदीकाठावर उभे राहण्याची कल्पना करा. रस्ते नदीला समांतर का धावतात, पाण्याच्या दिशेला एवढी मोठी बांधकामे का आहेत, आणि जिथे वर्दळ असायला हवी तिथे पाणी एवढे संथ का आहे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर असते. त्या काठावर अख्खी दुपार सहज जाते.

जपानमधील त्सुमागोची कथा रस्त्याची आहे. एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना डोंगराळ प्रदेशातून जोडणाऱ्या नाकासेन्दो मार्गावर ६९ मुक्कामाची गावे होती आणि त्सुमागो हे त्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला लोहमार्ग गावाला बाजूला ठेवून गेला आणि वाटसरूंवर जगणारे हे गाव ओस पडत चालले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी जुन्या घरांच्या जतनाचे काम हाती घेतले आणि १९७१ मध्ये एक सनद स्वीकारली. तिची तत्त्वे तीन : घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. आज तिथे गर्दी होते, विशेषतः शेजारच्या मागोमेपर्यंतच्या सुमारे आठ किलोमीटरच्या पायवाटेवर, त्यामुळे त्याला अपरिचित म्हणता येणार नाही. पण गाव का थांबले आणि थांबल्यानंतर लोकांनी काय ठरवले, हे समजून घेण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नॉर्वेमधील र्योरोस येथे तांब्याच्या खाणीचा उद्योग १६४४ मध्ये सुरू झाला आणि तब्बल ३३३ वर्षांनी, १९७७ मध्ये बंद पडला. त्या लाकडी घरांच्या गावात सर्वांत बोलके काय असेल, तर घरांमागे उभे असलेले धातुमळीचे काळे ढिगारे. घाईने आलेल्या प्रवाशाला ते कुरूप वाटतील. मला मात्र वाटते की ते ढीग नसते तर ती घरे नुसती शोभेची राहिली असती.

तेव्हा पुढच्या वेळी चौकाऐवजी गावाच्या पोटापाण्याच्या जागेपासून सुरुवात करा : धक्का, घाट, रेल्वे स्थानक, जुनी वखार, बंद पडलेली गिरणी, बाजाराचे मैदान. तिथून रहिवासी वस्तीकडे पायी चालत या आणि घरांचा आकार कुठे बदलतो ते पाहा. मालकांची घरे कुठे होती, मजुरांची कुठे, पुराचे पाणी कुठवर येत असावे, हे चालता चालता उलगडते. दफनभूमी असेल तर तिथे थांबा, कारण दगडांवरच्या तारखांवरून एखाद्या साथीचे किंवा युद्धाचे वर्ष कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक थेट कळते. स्थानिक संग्रहालय एका खोलीचे असले तरी ते शेवटी पाहा. आधी पाहिले तर ती जुन्या वस्तूंची मांडणी वाटते. शेवटी पाहिले तर दिवसभर मनात साठलेल्या प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात.

प्रश्न : पण अशी गावे शोधायची कशी? ‘अज्ञात रत्ने’ म्हणून ज्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत पुन्हा पुन्हा तीच दहा नावे असतात.

उत्तर : तुमचे निरीक्षण खरे आहे. ज्या यादीचा हेतू केवळ कुतूहल चाळवण्याचा असतो, तिच्यात आधीच छायाचित्रे उपलब्ध असलेली गावेच येतात. त्याऐवजी ज्या याद्यांमागे काही निकष आहेत, त्या पाहाव्यात. फ्रान्समध्ये १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या गावाच्या महापौरांच्या पुढाकाराने सर्वांत सुंदर खेड्यांची एक संघटना स्थापन झाली. तिच्यात प्रवेश मिळण्यासाठी गावाची लोकसंख्या २,००० पेक्षा अधिक असता कामा नये आणि तिथे किमान दोन संरक्षित स्थळे वा वास्तू असाव्या लागतात. इटलीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ शहरांच्या, चळवळीत ५०,००० पेक्षा कमी वस्तीच्या शहरांना स्थान आहे आणि तिचा भर इमारतींपेक्षा तिथल्या राहणीमानावर आहे. मेक्सिकोने २००१ पासून ‘पुएब्लोस माखिकोस’ या नावाने छोट्या शहरांना मान्यता देण्यास आरंभ केला, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२१ मध्ये १५,००० पर्यंत वस्ती असलेल्या गावांसाठी एक उपक्रम सुरू केला. जपानमध्ये १९७५ च्या कायदादुरुस्तीनंतर ऐतिहासिक वस्त्यांची संरक्षित क्षेत्रे जाहीर होऊ लागली. त्या यादीत उचिको हे मेणाच्या व्यापारावर समृद्ध झालेले गाव आहे, जिथे १९१६ मध्ये बांधलेले, काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकाराचे लाकडी नाट्यगृह उभे आहे.

या याद्यांना एक मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. मान्यता मिळाली की पाहुणे वाढतात आणि पाहुणे वाढले की गाव त्यांच्या सोयीने बदलू लागते. म्हणून यादीतील गावाकडे पत्ता म्हणून पाहण्यापेक्षा खूण म्हणून पाहावे. त्याच नदीवरचे वरच्या अंगाचे पुढचे गाव कोणते, त्याच खाणपट्ट्यातील दुसरी वस्ती कोणती, त्याच जुन्या रस्त्यावरचा आधीचा मुक्काम कोणता, हे नकाशावर शोधा. मी स्वतः नेहमी लोहमार्गांचे नकाशे वापरतो. ज्या स्थानकावर फलाटांची संख्या आजच्या गरजेपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसते, तिथे कधीकाळी काहीतरी मोठे घडत होते, असे समजायला हरकत नाही.

गावांची नावेही फार मदत करतात. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये ‘व्हिलफ्रांश’ असे नाव दिसले तर ते करांतून सूट देऊन वसवलेले मध्ययुगीन नगर असण्याची शक्यता असते, आणि ‘व्हिलनव्ह’ म्हणजे नवे गाव, मग ते आज सातशे वर्षांचे का असेना. अशा आखीव नगरांना तिकडे ‘बास्टीड’ म्हणतात. १२८४ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वसवलेले मॉनपाझिए हे त्यांतील उत्तम राखलेले नगर असून त्याच्या काटकोनी गल्ल्या आणि कमानींनी वेढलेला चौक आजही मूळ आखणी दाखवतात. इंग्लंडमध्ये नावाच्या आरंभी ‘चिपिंग’ असेल तर तिथे बाजार भरत असे, आणि शेवटी ‘फर्ड’ असेल तर तिथे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार होता. दक्षिण भारतातील ‘पट्टणम्’ बंदराकडे बोट दाखवते. नकाशा वाचण्याची ही सवय एकदा लागली की गावे शोधावी लागत नाहीत. निवडताना जीव कासावीस होतो, एवढी ती सापडतात.

प्रश्न : ‘अमुक प्रसिद्ध शहराऐवजी तमुक छोटे शहर पाहा’ असा सल्ला हल्ली फार दिला जातो. तो मानावा का?

उत्तर : गर्दीची विभागणी व्हावी हा त्यामागचा हेतू चांगला असला, तरी मला हा सल्ला पटत नाही, कारण तो छोट्या शहराला बदली खेळाडूची भूमिका देतो आणि प्रवासी दिवसभर तुलना करत राहतो. चेक प्रजासत्ताकातील चेस्की क्रुमलोव्ह आणि टेल्च ही दोन्ही शहरे १९९२ मध्ये एकाच वेळी जागतिक वारशाच्या यादीत आली. क्रुमलोव्ह आज पर्यटकांनी गजबजलेले असते, आणि म्हणून त्याऐवजी टेल्चला जा, असे सुचवले जाते. पण क्रुमलोव्हमध्ये व्ल्टावा नदीची वळणे आणि त्यांवर उंचावलेला किल्ला आहे. टेल्च सखल भूमीवर, माशांच्या तळ्यांनी वेढलेले आहे. १५३० च्या आगीनंतर तिथली घरे दगडात पुन्हा बांधली गेली आणि लांबट त्रिकोणी चौकाच्या कडेने कमानींची सलग ओळ तयार झाली. टेल्चमध्ये क्रुमलोव्ह शोधणाऱ्याला उंच किल्ला सापडणार नाही आणि समोरची तळी दिसणार नाहीत. ती तळी संरक्षणासाठी आणि मासेपालनासाठी एकाच वेळी उपयोगी पडत, हे समजल्यावर सकाळी त्यांच्या काठाने गावाला एक फेरी मारणे हाच तिथला खरा कार्यक्रम ठरतो.

प्रश्न : अशा ठिकाणी किती दिवस राहावे, आणि कोणत्या दिवशी जावे?

उत्तर : किमान दोन रात्री राहावे, हे माझे ठाम मत आहे. दिवसभरासाठी आलेला मनुष्य गाव केवळ अकरा ते चारच्या दरम्यान पाहतो, आणि नेमक्या त्याच वेळेत छोटे शहर सर्वांत कमी बोलते. शाळा भरण्याची वेळ, दुकाने उघडण्याची वेळ, संध्याकाळी लोक घराबाहेर येऊन बसतात ती वेळ, रात्री दिवे मालवल्यानंतरची शांतता, हे सगळे मुक्काम केल्याशिवाय अनुभवता येत नाही. दुसऱ्या सकाळी तुम्हाला तेच चेहरे पुन्हा दिसतात, त्यांना तुम्ही दिसता, आणि संभाषणाला आपोआप जागा होते.

वार निवडताना दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात : बाजार कोणत्या दिवशी भरतो आणि सुट्टी कोणत्या दिवशी असते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतील लोक येतात, आणि ते गाव त्या परिसरासाठी आजही काय आहे हे दिसते. सुट्टीच्या दिवशी मात्र संग्रहालयापासून खानावळीपर्यंत सारे बंद असू शकते. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी पोहोचणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यामुळे रिकामे मैदान आणि भरलेले मैदान, दोन्ही पाहायला मिळतात.

वाहतुकीचे वेळापत्रक बारकाईने वाचा, आणि विशेषतः त्याखालच्या बारीक अक्षरांतील टिपा वाचा. अनेक देशांत ग्रामीण बस केवळ शाळेच्या दिवसांत धावतात. अशाच एका टिपेकडे दुर्लक्ष केल्यामुळे शाळांच्या सुट्टीच्या काळात मी एका डोंगरी गावाच्या थांब्यावर दीड तास उभा होतो, आणि ती बस पुढचे दोन आठवडे येणार नव्हती. शेवटी ज्या घरी राहिलो होतो, त्या घरच्या आजींनी शेजाऱ्याच्या गाडीतून स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय केली. दरवेळी अशी सोय होईलच असे नाही. म्हणून परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची गाडी, या दोन्ही वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात आणि मुक्कामाच्या ठिकाणी विचारून त्यांची खात्री करून घ्यावी. थोडी रोख रक्कम जवळ असावी. संपर्कजाळे नसतानाही उघडेल असा नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्यावा.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. मोठ्या शहरात गर्दीचा आधार वाटतो. छोट्या गावात तो नसतो, म्हणून मन कचरते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : तुमचे कचरणे स्वाभाविक आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणणार नाही. छोट्या शहरात परका माणूस लगेच लक्षात येतो, आणि याचे दोन परिणाम होतात. नजरा नकोशा होऊ शकतात. पण त्याच वेळी तुम्ही कुठे उतरलात, कोणत्या दिशेला गेलात, हे पाच-दहा जणांना ठाऊक असते, आणि हा आधार मोठ्या शहरातील अनोळखी गर्दीपेक्षा कमी नसतो. तो आपल्या बाजूने वळवण्याचा मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी काही लोकांशी ओळख करून घेणे. मुक्कामाच्या घरी दिवसाचा बेत सांगावा, एकाच दुकानात दोनदा जावे, ग्रंथालय असेल तर तिथे थोडा वेळ बसावे. ग्रंथालयात बसलेल्या पाहुणीला सहसा कोणी त्रास देत नाही, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना गावाची माहिती इतर कोणाहीपेक्षा अधिक असते.

दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. गावात दिवसाउजेडी पोहोचावे, आणि मुक्काम वस्तीच्या मध्यभागी असावा. गावाबाहेरचे निसर्गरम्य घर छायाचित्रात कितीही सुंदर दिसले, तरी रात्री पायी परतण्याचा रस्ता अंधारा असेल तर ते टाळावे. एखादी जागा मनाला खटकली तर कारण शोधत बसू नये, सरळ निघावे, आणि त्यासाठीही परतीच्या गाडीची वेळ ठाऊक असायला हवी.

प्रश्न : लहान मुलांना अशा ठिकाणी कंटाळा येतो. त्यांना न्यावे का?

उत्तर : जरूर न्यावे, आणि त्यांना काम द्यावे. गावाचा हाताने काढलेला नकाशा तयार करणे, इमारतींवर कोरलेल्या वर्षांपैकी सर्वांत जुने वर्ष शोधणे, पुराच्या पातळीच्या खुणा मोजणे, ही कामे मुले मोठ्यांपेक्षा चिकाटीने करतात. मोठ्या शहरात मुलाचा हात सोडता येत नाही. वाहनांपासून मोकळ्या असलेल्या छोट्या चौकात तो सोडता येतो, आणि हा फरक मुलांना फार लवकर कळतो.

प्रश्न : आम्ही अशा गावांत जाऊ लागलो, तर प्रसिद्ध स्थळांचे जे झाले तेच या गावांचेही होणार नाही का? मग जाणेच चुकीचे नाही का?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. भीती निराधार नाही. ऑस्ट्रियातील हालश्टाट हे सरोवरकाठचे गाव मिठाच्या प्राचीन खाणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि युरोपातील लोहयुगाच्या एका संस्कृतीला त्याचेच नाव दिलेले आहे. तिथे हजाराहूनही कमी लोक राहतात, आणि ऐन हंगामात एका दिवसात १०,००० पर्यंत पर्यटक येतात. चीनमध्ये २०१२ मध्ये या गावाची प्रतिकृती उभी राहिली. मूळ गावाला पर्यटकांच्या बससाठी वेळा ठरवून द्याव्या लागल्या, आणि २०२३ मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले. आपल्या दारासमोर कोणीही केव्हाही छायाचित्रासाठी उभे राहते, ही त्यांची व्यथा समजून घ्यायला हवी.

पण याच्या दुसऱ्या बाजूला एक वास्तव आहे, ज्याकडे मोठ्या शहरात राहणाऱ्यांचे लक्ष क्वचित जाते. जगातील बहुसंख्य छोट्या शहरांपुढचे संकट गर्दीचे नसून ओस पडण्याचे आहे. शाळेत मुले उरत नाहीत, दवाखाना बंद होतो, बसच्या फेऱ्या कमी होतात. स्कॉटलंडमधील विगटाउन हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव रोजगार गेल्याने खचले होते. १९९८ मध्ये त्याला राष्ट्रीय पुस्तकनगरीचा दर्जा मिळाला, तिथे पुस्तकांची दुकाने उघडली आणि गावाला पुन्हा उभे राहण्याचे कारण मिळाले. इटलीत १९७६ च्या भूकंपाने फ्रिउली प्रदेशातील गावे उद्ध्वस्त झाली, आणि तेथील रिकाम्या घरांचे काय करावे या विचारातून ‘अल्बेर्गो डिफ्फुसो’, म्हणजे विखुरलेले अतिथिगृह, ही कल्पना पुढे आली. नवी इमारत न बांधता गावातील जुन्याच घरांत खोल्या तयार करायच्या, स्वागतकक्ष मात्र एकच ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. पाहुणा गावाच्या गल्ल्यांतून आपल्या खोलीकडे जातो, आणि रिकाम्या घराचे छप्परही शाबूत राहते.

म्हणजे जाणे की न जाणे यापेक्षा कसे जाणे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोठ्या बसने येऊन दीड तासात परतणारे पन्नास प्रवासी गावाला गर्दी देतात आणि फारसे काही मागे ठेवत नाहीत. त्याच पन्नास जणांनी वर्षाच्या वेगवेगळ्या आठवड्यांत येऊन दोन-दोन रात्री मुक्काम केला, तर गावातल्या एखाद्या अतिथिगृहाला आणि एखाद्या दुकानाला तगून राहण्यास त्याचा हातभार लागू शकतो. म्हणून ऐन हंगाम टाळा, गावातील रहिवाशांच्या मालकीच्या ठिकाणी राहा, आणि पाणी, कचरा, वाहन उभे करण्याची जागा यांबाबत गावाची मर्यादा आपलीच मर्यादा समजा. पन्नास घरांच्या वस्तीत चार मोटारी आल्या तरी रस्ता अडतो. शक्य असेल तिथे वाहन बाहेर ठेवून चालत जा.

एक गोष्ट मला विशेष खटकते, ती या निमित्ताने सांगतो. ‘हे गाव किती अस्पर्श आहे, ते असेच राहायला हवे’ असे पाहुणे कौतुकाने म्हणतात, पण तिथल्या लोकांना पक्का रस्ता, वेगवान संपर्कजाळे आणि नवी शाळा हवी असते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी इथे डॅनिश लोकांनी १६२० मध्ये किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये ही वसाहत ब्रिटिशांना विकली. त्यानंतर बंदराचे महत्त्व गेले आणि जुन्या रस्त्यांचे ते गाव शांत झाले. पण त्याच किनाऱ्याला २००४ च्या त्सुनामीने झोडपले, आणि तिथल्या मच्छीमारांसाठी समुद्र हे केवळ दृश्य नाही. गावाने कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार पाहुण्यांचा नाही, आणि त्सुमागोच्या सनदेचे मोल हेच आहे की ती तिथे राहणाऱ्यांनी स्वतः स्वीकारली होती.

प्रश्न : मग परत आल्यावर छायाचित्रे आणि ठिकाणाचे नाव समाजमाध्यमांवर द्यावे की नाही?

उत्तर : सरसकट लपवणे मला योग्य वाटत नाही, कारण ज्या गावाला पाहुणे हवे आहेत त्याचे त्यामुळे नुकसान होते. निघण्यापूर्वी ज्यांच्याकडे राहिलात त्यांनाच विचारा. काही जण आनंदाने होकार देतात, काही जण एखादी विहीर, खाजगी अंगण किंवा अवघड कडा यांची नेमकी जागा देऊ नका असे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पाळावे. माणसांची छायाचित्रे त्यांच्या संमतीशिवाय काढू नयेत आणि मुलांची तर पालकांना विचारल्याशिवाय अजिबात काढू नयेत. लिहायचे असेल तर एका चित्राखाली दोन शब्द लिहिण्यापेक्षा गावाची हकिगत लिहा : कशामुळे वसले, काय गेले, आता लोक काय करतात, बस किती वाजता सुटते आणि शाळेच्या सुट्टीत ती धावते की नाही. अशी हकिगत वाचून जाणारे थोडे असतात, पण ते मुक्कामाला थांबतात.